शिकवाबाईची तपासणी

आमच्या धुलाई कारखान्यात माझ्या बायकोला सगळे शिकवाबाई म्हणतात. ती शिकवते म्हणून नाही, तर जाईल त्या टेबलाशी उभी राहून "मला शिकवा" म्हणते म्हणून. तिच्या दारावर 'प्रशिक्षण अधिकारी' अशी पाटी आहे, पण ती वाचत बसायला इथे कुणाला वेळ आहे? मी त्याच कारखान्याची गाडी चालवतो. हॉटेलांतून आणि हॉस्पिटलांतून मळलेल्या चादरी उचलायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. दिवसभर मी तिच्यापासून लांब असतो, म्हणून आमचा संसार टिकला असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे, पण लिहितोय मी.

तिच्या आधी या खुर्चीत एक गृहस्थ होते. त्यांचा शिबिरांवर फार जीव. इस्त्रीवाल्यांनी कापड जाळलं, घ्या शिबिर. हिशेबनीस सारखा आजारी पडतो, घ्या शिबिर. शिबिरात सगळ्यांनी गोल बसायचं, फुगे फुगवायचे आणि आपल्या फुग्याला आपल्या रागाचं नाव द्यायचं. बॉयलरवाल्याने फुग्याला मॅनेजरचं नाव दिलं आणि टाचणी मागितली, त्यानंतर त्याला शिबिरातून सूट मिळाली. मॅनेजरचा मात्र शिबिरांवरचा विश्वास काही ढळला नाही. त्याच्या हिशेबाने जगातल्या प्रत्येक दुखण्यावर दोनच औषधं, शिबिर आणि नाश्ता.

शिकवाबाई आली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "आधी एवढं सांगा, माणसाला काम येत नाहीये, की येतंय पण मध्ये काहीतरी आडवं येतंय, की येतंय, आडवंही काही नाही, आणि त्याला करायचंच नाहीये? शिकवून फक्त पहिलं सुटतं. बाकीच्यांना शिकवलं तर ते नाश्ता खातात आणि परत येतात."

मॅनेजर म्हणाला, "पण हे कळायला किती वेळ लागणार!"

ती म्हणाली, "शिबिरापेक्षा कमी."

आणि ते खरं निघालं. आम्ही गाडीवाले रोज उशिरा परततो म्हणून मॅनेजर आम्हाला वेळेच्या नियोजनाचे धडे देणार होता. ही सकाळी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला शिकवा तुमचं काम." बायको शेजारी बसून गाडी कशी चालवायची ते विचारतेय, यापेक्षा मोठा छळ नाही. पण जेवणाच्या सुट्टीआधी तिला कळलं होतं की पहिल्याच हॉटेलचा मागचा दरवाजा उशिरा उघडतो, आणि आम्ही सगळे तिथे रांगेत उभे राहून रखवालदाराच्या मुलीच्या लग्नाच्या गोष्टी ऐकतो. तिने फेरीचा क्रम उलटा केला. आम्ही वेळेवर यायला लागलो. रखवालदाराच्या मुलीचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

हीच तपासणी ती घरीही करते. ओला टॉवेल पलंगावर टाकण्याबद्दल तिने माझी रीतसर चौकशी केली होती. निष्कर्ष असा निघाला की याला दोरी कुठे आहे ते ठाऊक आहे, हात वर जातो, दोरीवर जागाही आहे. प्रशिक्षणाची गरज नाही. मग तिने ज्या आवाजात जे सांगितलं त्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही, पण परिणाम झाला.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आई याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहे. धुऊन, वाळवून, घडी घालून आलेला प्रत्येक गठ्ठा तिच्यापुढे येतो. ती चादर उलगडून बघते, डाग दिसला तर परत धुवायला पाठवते, नाहीतर गठ्ठा बांधून माझ्या गाडीत. त्याआधी कित्येक वर्षं ती घडीच्या टेबलावर होती. आत्ता तिथे असलेल्या सगळ्या बायकांना घडी घालायला तिनेच शिकवलं. माझी बायकोही तिथूनच वर आली, म्हणजे माझ्या आईच्या शिव्या तिने सून व्हायच्या आधीच खाल्ल्या होत्या. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आता हिला घाबरायला काही उरलं नाही.

आईची जीभ म्हणजे काय सांगू! घडीवाल्या बायका तिला मावशी म्हणतात आणि चळाचळा कापतात. "माझ्या टेबलावरून डाग पुढे गेला असेल तर दाखवा," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि खरोखरच कधी गेला नव्हता. हॉटेलांतून तक्रारी यायच्या त्या वेगळ्याच, माल उशिरा येतो म्हणून. घडीचा विभाग मंद पडला होता. ड्रायरमधून निघालेल्या चादरींचे ढीग टेबलाशी साचायचे, मी गाडी लावून वाट बघत बसायचो, आणि आई आपल्या टेबलावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "हात आहेत की खुंट्या? आमच्या वेळी एवढ्यात दोन हॉस्पिटलं झाली असती!"

मालकाने शेवटी मॅनेजरला बोलावलं. एक हॉटेल हातचं गेलं होतं, दुसरं जायच्या बेतात होतं. मालक म्हणाला, या बायका महिनाअखेरीपर्यंत सुधारल्या तर ठीक, नाहीतर घडीचं आणि तपासणीचं काम बाहेर कंत्राटावर देऊन टाकू. मॅनेजरने लगेच जुन्या फुगेवाल्या गृहस्थांना फोन लावला, ते आता स्वतंत्र शिबिरं घेतात. शिकवाबाईने मालकाला गाठलं आणि म्हणाली, "मला दोन दिवस द्या. त्यांना खरंच येत नसेल तर मी स्वतः फुगे आणते."

मालक बरा माणूस आहे. त्याला फुग्यांचा आवाज सहन होत नाही. त्याने हो म्हटलं.

ही घडीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "मला शिकवा." बायका हसल्या, कारण हिला घडी येते हे त्यांना माहीत. पण एकेकीने शिकवलं. दोघींनी कोपरे धरायचे, ताणायचं, एक झटका, अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, हात फिरवायचा, बाजूला. ती सांगते की त्यांच्यात एकही अशी नव्हती जिला शिकवताना अडखळायला झालं. काम येत नसेल तर माणूस शिकवताना कुठेतरी "मग असं काहीतरी करायचं" म्हणतो, हा तिचा अनुभव. इथे असं कुणी म्हटलं नाही. मग उशीर कुठे होत होता? कोपरे धरल्यावर प्रत्येक जोडी चादर खिडकीकडे नेऊन उजेडात धरत होती. वरपासून खालपर्यंत बघून मगच घडी. मध्येच एखादी चादर टेबलाखाली जायची, आणि तिथे बादली होती. बादलीत साबण आणि ब्रश.

"हे कशाला?" हिने विचारलं. "डाग बघायचं काम तर पुढच्या टेबलावर आहे."

"सवय आहे," सगळ्यात थोरली म्हणाली. ती गप्प बसणाऱ्यांतली, म्हणून तीच बोलली तेव्हा हिला शंका आली.

"बरं. मग हा पुढचा गठ्ठा सवयीशिवाय पाठवा. न बघता घड्या घाला आणि द्या पुढे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, आज नको. दुसरी म्हणाली, मावशींची तब्येत बरी नाही. मावशी त्याच वेळी पलीकडून कुणाचा तरी उद्धार करत होती, तब्येत चांगली ठणठणीत ऐकू येत होती. शेवटी गठ्ठा गेला, आणि गठ्ठ्याच्या मागोमाग ही. आईच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "आई, मला शिकवा."

आईला असं विचारलेलं फार आवडतं. तिने पहिली चादर उलगडली आणि व्याख्यान सुरू केलं. आधी कडा बघायच्या, मग मधला भाग, मग उशीकडची बाजू. ती चादर हॉस्पिटलची होती. मधोमध औषधाचा पिवळा-तपकिरी डाग, पसरट, बशीएवढा. आईने त्याच्यावरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाली, "ही बघ, स्वच्छ. याला म्हणतात धुणं." पुढची नव्या हॉटेलची उशीची खोळ होती. त्या हॉटेलवाल्यांनी खोळीच्या मधोमध आपलं चिन्ह तपकिरी दोऱ्याने भरलंय. आईने ते नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "चहा सांडलाय मेल्यांनी. परत पाठव."

पुढचा सगळा गठ्ठा हिने आईशेजारी उभं राहून बघितला. मग घडीवाल्यांकडे परत गेली, तर त्या सगळ्या खाली माना घालून घड्या घालत होत्या. थोरली म्हणाली, "ताई, आधी थोडंच होतं. एखादा डाग आम्हीच पुसायचो. मग ते वाढत गेलं. त्यांना कोण सांगणार?"

म्हणजे गंमत बघा. आईला दिसेनासं झालं, बायकांनी ते झाकायला तिचं काम आपल्या कामात घातलं, त्यात त्या मंद पडल्या, आणि त्या मंद पडल्या म्हणून सगळ्यात जास्त शिव्या त्यांना आईच घालत होती. आणि त्या ऐकून घेत होत्या. मला हसावं की रडावं कळेना.

हे सगळं हिने मला गाडीत सांगितलं, घरी जाताना. मी गाडी कडेला घेतली.

"दुसरं काहीतरी सांग मालकाला," मी म्हणालो. "टेबल लहान आहे म्हण."

"टेबल मापाचं आहे."

"मग शिबिर होऊ दे. नाश्ता तरी मिळेल."

"आणि महिना संपला की? बायका तितक्याच मंद, मग कंत्राटदार. सगळ्या घरी. तुझी आई पण घरी."

"आणि तू खरं सांगितलंस तर? तिला एकटीला घरी बसवतील. ती दिवसभर घरात बसलेली तुला चालणार आहे?"

"नाही," ती म्हणाली. मग रडायला लागली. माझी बायको कामाच्या गोष्टीवरून रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला घाबरायला झालं. मी रुमाल दिला, तो मळलेला होता. तिने तो उलगडून उजेडात धरून बघितला आणि परत केला.

घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. मालकाला सांगायच्या आधी आईला तोंडावर सांगायचं असं तिने ठरवलं होतं. मी दाराशी उभा राहिलो, आत जायची माझी छाती नव्हती. आई चहा गाळत होती.

"आई, तुम्हाला दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?"

"डाग. आज माझ्यासमोर सहा चादरी तशाच गेल्या. बायका आधीच बघून पाठवतात, म्हणून आजवर निभावलं."

आईने गाळणी आपटली. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये? त्या आळशी बायांनी भरवलं तुला हे! कामं होत नाहीत म्हणून माझ्यावर ढकलतात. आणि तू, माझ्या हाताखाली शिकलीस, माझ्याच घरात राहून माझ्यावर तपासणी करतेस?"

"डॉक्टरांकडे जाऊ या. कदाचित साधा चष्मा लागेल, कदाचित ऑपरेशन. पण उद्या मला मालकांना सांगावं लागणार आहे."

"सांग की! सांग! टेबलावरून उठवलं की मी काय करू इथे बसून, तुमची तोंडं बघू?"

मी म्हणालो, "आई, तिला तसं म्हणायचं नाहीये."

"मला तसंच म्हणायचंय," बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी चहा मी एकट्याने प्यायलो. त्यात पत्ती उतरली होती.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. ती खोली माडीवर आहे, लोखंडी जिना चढून जावं लागतं. मालक खुर्चीत, मॅनेजर खिडकीशी, घडीवाल्या बायका भिंतीला लागून रांगेत, आई त्यांच्यापासून दोन हात लांब, ताठ. मी पोचपावत्यांवर सही घ्यायच्या निमित्ताने दारात घुटमळत होतो. मॅनेजर म्हणाला, "शिबिरवाले सोमवारी येतायत. काय ते लवकर सांगा."

शिकवाबाई उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. म्हणाली, "घडीवाल्यांना शिबिराची गरज नाही. घडी सगळ्यांना उत्तम येते. उशीर होतो कारण त्या घडीच्या आधी डाग तपासतात आणि धुतात. ते त्यांचं काम नाही. तपासणीच्या टेबलावर—"

"खोटं आहे," थोरली म्हणाली.

थोरली पुढे आली. "आम्ही काही तपासत नाही, साहेब. मावशींना सगळं दिसतं. चूक आमची आहे. आम्हाला घडी येत नाही."

"काय?" शिकवाबाई म्हणाली.

"येत नाही," दुसरी म्हणाली. "कोपरे जुळत नाहीत."

"मला ताणायला जमत नाही," तिसरी म्हणाली.

"आम्हाला शिबिर हवंय," चौथी म्हणाली. हीच मागच्या शिबिरातून पोटदुखीचं निमित्त करून पळून गेली होती.

मॅनेजरचा चेहरा उजळला. मालक शिकवाबाईकडे बघायला लागला, की बाई, तुमची तपासणी ही अशी? या बायका फुगे फुगवायला तयार झाल्या होत्या, महिनाअखेरीला नोकरी जाईल हे ठाऊक असून. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी पावत्या चुरगाळल्या.

तेवढ्यात आई बोलली.

"कोण म्हणतं कोपरे जुळत नाहीत?"

थोरली म्हणाली, "मावशी, तुम्ही गप्प बसा."

"तू गप्प बस! घडी येत नाही? मी शिकवलंय तुम्हाला. एकेकीला उभं करून शिकवलंय. हिच्या हाताला फोड आले होते तरी सोडलं नव्हतं, आणि आज साहेबांसमोर तोंड वर करून सांगताय घडी येत नाही? माझ्या हाताखालच्या बाईला घडी येत नाही असं या कारखान्यात कुणी म्हणायचं नाही!" तिचा श्वास लागला होता. मग मालकाकडे म्हणून वळली. मालक तिच्या डावीकडे होता, ती बघत होती कपाटाकडे. त्या कपाटाला म्हणाली, "साहेब, यांना घडी येते. दिसत नाही ते मला. सून खरं सांगतेय."

चौथी रडायला लागली. मालकाने घसा साफ केला, खुर्चीतून उठून आईच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कंत्राटाचं राहू दे. डोळे दाखवून या. टेबल तुमचंच आहे, तोवर दुसरी कुणीतरी बसेल."

"तोवर ही थोरली बसू दे," आई म्हणाली. "नाहीतरी तीच करते."

मॅनेजरने हळूच विचारलं, "मग शिबिरवाल्यांना काय सांगू?"

"त्यांना म्हणावं या," आई म्हणाली. "घडी शिकवते."

बायका बाहेर पडल्या. मी पुढे झालो आणि जिन्याच्या तोंडाशी आईचा हात धरायला गेलो. हा जिना ती रोज एकटी उतरायची, कठड्यावर हात ठेवून, भराभर. आज थांबली होती. म्हटलं, "आई, चल, काही नाही, सगळं ठीक होईल. एवढं काही नसेल."

तिने माझा हात बाजूला केला. "तू नको. तू म्हणशील पायरी संपली, आणि मी पडेन." मग मान वळवली आणि मागे बघून म्हणाली, "कुठे गेली ती? तिला धरू दे."

माझी बायको पुढे आली. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "पायरी आहे, आई. अजून खूप आहेत." मी दोघींच्या पिशव्या घेऊन मागून उतरलो.